मानपत्र, गाइड आणि गावची जत्रा

मराठी विकिपीडियावर नवा माणूस आला की बहुधा तो आधी आपल्या गावाचं पान उघडतो. महाराष्ट्रात ४० हजारांहून अधिक गावं आहेत आणि त्यातल्या हजारो गावांची पानं या विश्वकोशात आहेत. पण त्यातली बरीचशी पानं म्हणजे नुसता सांगाडा. तालुका, जिल्हा, २०११ च्या जनगणनेतले आकडे आणि खाली हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे असे मथळे. त्यांच्याखाली एखादं कुठल्याही गावाला लागू पडेल असं वाक्य, नाहीतर तेही नाही. गावच्या माणसाला हे बघून राहवत नाही. एवढी मोठी जत्रा भरते आमच्याकडे, वाड्याचा बुरूज अजून उभा आहे, आणि इथे त्याचा उल्लेखही नाही? तो ‘संपादन’वर टिचकी मारतो आणि लिहायला लागतो.

गेली काही वर्षं मी अशा नव्या संपादकांना मदत करते आहे. कधी कॉलेजातल्या कार्यशाळेत, कधी त्यांच्या चर्चापानावर (विकिपीडियावर एकमेकांशी बोलायचं पान), कधी सरळ फोनवर. या कामातून एक गोष्ट मला पक्की पटली आहे. नव्या माणसाच्या ज्या लिहिण्याला आम्ही जुने संपादक चूक म्हणतो, ते बहुतेक वेळा दुसरीकडे शिकलेलं चांगलं वळण असतं. गौरव कसा करायचा हे तो मानपत्रांतून आणि स्मरणिकांतून शिकलेला असतो. उतरवून काढायला त्याला शाळेनं शिकवलेलं असतं. आणि स्वतः पाहिलेलं सांगणं हा तर आपल्याकडे खरेपणाचा पुरावा. विश्वकोशात यातलं एकही जसंच्या तसं चालत नाही. ते का चालत नाही हे सांगायचं, तर समोरच्याचं वळण कुठून आलं हे आधी ओळखावं लागतं. नाहीतर संकेत शिकवायचे राहून जातात आणि माणूस तेवढा दुखावतो.

एका निवृत्त मुख्याध्यापकांबद्दल सांगते. आपल्या भागात पहिली माध्यमिक शाळा काढणाऱ्या एका कार्यकर्त्यावर त्यांनी लेख लिहिला होता. ‘ज्ञानाची गंगा खेडोपाडी नेणारे, गोरगरिबांचे कैवारी, शिक्षणमहर्षी’ अशी सुरुवात, आणि क्रियापद चार ओळींनंतर. मराठीत या लेखनाची मोठी परंपरा आहे. एकसष्टी, अमृतमहोत्सव, पुण्यतिथी, संस्थेचा सुवर्णमहोत्सव, प्रत्येकाची स्मरणिका निघते आणि तिच्यात असंच लिहायचं असतं. सरांनी अशा कितीतरी स्मरणिका संपादित केल्या होत्या. त्यांच्या लेखावर कुणीतरी ‘जाहिरातसदृश मजकूर’ असा साचा, म्हणजे तयार सूचना, लावून गेलं. सरांचा फोन आला, “मॅडम, मी कशाला जाहिरात करू? ते जाऊन पंचवीस वर्षं झाली.”

धोरणाचं पान वाचा, असं मी त्यांना सांगितलं नाही. निःपक्षपाती दृष्टिकोनावरचं ते पान महत्त्वाचं आहे, पण पहिल्याच आठवड्यात ते वाचणाऱ्याला त्यात कायद्याची कलमं तेवढी दिसतात. मी विचारलं, सर, शाळा कोणत्या साली सुरू झाली? १९५८, जून महिना, मारुतीच्या देवळात. पहिल्या वर्षी किती मुलं होती? १७, त्यांतल्या दोन मुली. जागा कोणी दिली? मान्यता कधी मिळाली? इमारत व्हायच्या आधी पावसाळ्यात वर्ग कुठे भरायचे? सगळी उत्तरं सरांना तोंडपाठ होती आणि त्यातलं एकही लेखात नव्हतं. मी म्हटलं, ‘गोरगरिबांचे कैवारी’ काढू या आणि देवळातल्या त्या १७ मुलांचं लिहू या. ते वाचून ज्याला जे म्हणायचं ते तो म्हणेल.

सर जरा थांबले. मग म्हणाले, “पण मग आदर कुठे राहिला?”

प्रश्न रास्त होता. मराठी विकिपीडियावर व्यक्तीच्या लेखाची सुरुवात ‘हे मराठी लेखक होते’, ‘हे शिक्षणतज्ज्ञ होते’ अशी करतात. श्री., आदरणीय, महर्षी गळतात, पण आदरार्थी बहुवचन राहतं. ‘त्यांनी शाळा सुरू केली’ असंच लिहायचं, ‘त्याने’ असं नाही. हे ऐकून सरांच्या आवाजातला ताण उतरला. त्यांनी लेख पुन्हा लिहिला, शाळेच्या जुन्या अहवालातून तारखा काढल्या, मान्यतेचं वर्ष दुरुस्त केलं. अहवाल संस्थेनेच छापलेला. त्यामुळे शाळा कधी आणि कुठे सुरू झाली एवढ्यापुरताच तो चालेल. कामाचं मोठेपण सांगायचं तर त्रयस्थ माणसानं लिहिलेलं काही हवं, हेही त्यांना सांगावं लागलं. त्यावर त्यांनी एका जुन्या दैनिकातलं कात्रण शोधून काढलं. स्मरणिकेत ज्याला जागा मिळाली नसती असा मजकूर त्या लेखात आहे, आणि मला तो स्मरणिकेपेक्षा जास्त आदर दाखवणारा वाटतो.

आता उतरवून काढण्याबद्दल.

२०११ साली विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने भारतातल्या आपल्या शिक्षण कार्यक्रमाचा पहिला प्रयोग पुण्यातल्या काही महाविद्यालयांत केला होता. विद्यार्थ्यांनी आपापल्या अभ्यासक्रमातल्या विषयांवर इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे, अशी योजना होती. मजकूर मोठ्या प्रमाणावर पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून उचललेला निघाला. जगभरच्या स्वयंसेवकांना तो शोधून शोधून काढावा लागला आणि त्याच वर्षी प्रयोग आवरता घेतला गेला. विकिपीडियाच्या वर्तुळात हे उदाहरण अजून दिलं जातं. मुलांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण त्या मुलांची दहा-बारा वर्षं कशी गेली होती ते बघा. गाइडमधलं उत्तर शब्दशः लिहिलं की पैकीच्या पैकी गुण, आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलं की गुण कापले जायची भीती. प्रयोगवही म्हणजे वरच्या वर्गातल्या कुणाची तरी वही समोर ठेवून नीट अक्षरात उतरवायची. ज्या मुलाला वर्षानुवर्षं याचंच कौतुक मिळालं, त्याला एका दुपारच्या सत्रात ‘हा प्रताधिकारभंग आहे’, म्हणजे कॉपीराइटचा भंग, असं सांगितलं, तर त्याला कळतं ते एवढंच की इथली माणसं विनाकारण रागावतात.

मी कार्यशाळेत प्रताधिकाराचा विषय काढायच्या आधी मुलांना एक काम देते. एखाद्या किल्ल्यावरचा परिच्छेद वाचा, खिडकी बंद करा, शेजारच्याला तोंडी सांगा, आणि जे सांगितलंत तेच लिहा. सांगताना कुणीही ‘सह्याद्रीच्या कुशीत वसलेला’ म्हणत नाही. म्हणतात, “वर जायला दोन वाटा आहेत, एक जरा अवघड आहे.” विश्वकोशाचं वाक्य याच्या जास्त जवळचं. मग मूळ पान पुन्हा उघडायचं, आकडे आणि नावं पडताळायची, संदर्भ जोडायचा. त्यानंतर मी परवान्याचं सांगते. विकिपीडियावर लिहिलेला मजकूर कुणीही घेऊ शकतं, बदलू शकतं, पुस्तकात छापून विकूही शकतं. श्रेय दिलं आणि आपलं कामही त्याच परवान्याखाली खुलं ठेवलं म्हणजे झालं. म्हणजे आपण तो मजकूर जगाला देऊन टाकत असतो. वर्तमानपत्रातला लेख तिथे चिकटवणं म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. ही म्हण ऐकली की मुलांना प्रताधिकार लगेच कळतो, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

याच्या उलटही होतं. एकदा प्रताधिकाराची धास्ती बसली की मुलं काहीच घ्यायला धजत नाहीत. मग सांगावं लागतं की भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन सर्वांसाठी मोकळं होतं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचं निधन १९३७ साली झालं, म्हणजे २३ खंडांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशात त्यांनी स्वतः लिहिलेलं आज कुणीही वापरू शकतो. पण त्यातली माहिती १९२०च्या दशकातली आहे, ‘मुंबई इलाखा’ तसाच ठेवून चालणार नाही, आणि मोकळं असलं तरी श्रेय द्यायलाच हवं. फोटोंचंही असंच. गावातल्या चौकातल्या पुतळ्याचा स्वतः काढलेला फोटो चालतो, त्याच चौकातल्या फ्लेक्सचा चालत नाही. हा फरक मुलांना नियमांच्या पानावरून कधीच कळला नसता. चौकात उभं राहून दाखवला की दोन मिनिटांत कळतो.

सगळ्यात अवघड आहे ते तिसरं वळण, आणि तिथे मला स्वतःलाही त्रास होतो.

एका ताईंनी आपल्या गावच्या जत्रेवर लिहिलं. पालखी पहिल्यांदा कोणाच्या दारात थांबते, पुढचा मान कोणत्या घराण्याचा, नैवेद्यात काय असतं, बायका कोणत्या ओव्या म्हणतात. भाषा साधी आणि नेमकी, फुगवलेलं काही नाही. ओळीओळीवर ‘संदर्भ हवा’ लागलं. ताईंनी विचारलं, “मी लहानपणापासून दरवर्षी जाते. माझ्या सासूबाई ओव्या म्हणायच्या. याहून मोठा संदर्भ कुठला आणायचा?”

मी त्यांना विचारलं, समजा उद्या दुसऱ्या घराण्यातल्या कुणी येऊन लिहिलं की मान आमचा आहे, तर? त्या म्हणाल्या, “तो वाद आहेच की आमच्याकडे. कोर्टात गेलाय.” मग पुढचं मला बोलावंच लागलं नाही. दोन्ही घराण्यांची माणसं दरवर्षी जत्रेला जातात, दोघंही स्वतः पाहिलेलंच सांगतात. विकिपीडियाला दोघांतल्या कुणाचीच ओळख नाही आणि न्याय करण्याचा अधिकारही नाही. म्हणून तो छापील, पडताळता येईल असं काहीतरी मागतो. मानपानाचे वाद ज्यांनी पाहिलेत त्यांना पडताळणीचा संकेत शिकवावा लागत नाही, त्यांच्या माहितीतल्या गोष्टीपर्यंत तो नेऊन पोचवावा लागतो.

मग आम्ही दोघी शोधायला बसलो. जिल्हा गॅझेटियरमध्ये गावांवरचं प्रकरण असतं, त्यात जत्रांची नोंद सापडते. एकोणिसाव्या शतकातली मुंबई इलाख्याची गॅझेटियर्सही कामाला येतात. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या जत्रा-उत्सवांवर एक स्वतंत्र खंड निघाला होता, तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. स्थानिक दैनिकांतल्या बातम्या असतात, विद्यापीठांतले प्रबंध असतात. जत्रेची तिथी आणि साधारण किती लोक जमतात एवढं मिळालं. पालखीचा मार्ग एका जुन्या बातमीत सापडला. नैवेद्य आणि ओव्या कुठेही नव्हत्या.

नियम योग्य आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण छापील जगात कोणाचं ज्ञान आलं आणि कोणाचं बाहेर राहिलं, हेही मला या कामात रोज दिसतं. मानाच्या घराण्याचं नाव सरकारी कागदात मिळतं. सासूबाईंची ओवी मिळत नाही. स्वयंपाकघरातलं, शेतातलं, भटक्या जमातींच्या पालांवरचं ज्ञान मराठीत कमी छापलं गेलं, आणि ती उणीव विश्वकोशात तशीच उतरते. नव्या संपादकाला ‘संदर्भ नाही म्हणून काढलं’ एवढंच सांगून थांबणं मला पटत नाही. ताईंना मी म्हटलं, ओव्यांवर एखाद्या दिवाळी अंकात लिहा, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात लिहा, तुमच्या नावानं. तो लेख तुम्ही स्वतःच विकिपीडियावर घालायला नको. चर्चापानावर नोंद करा, दुसरं कुणीतरी बघून संदर्भ म्हणून घेईल. तोवर देवळाचा आणि बारवेचा फोटो तुमच्याकडून येऊ दे, त्याला छापील पुरावा लागत नाही. ताईंनी फोटो चढवले. लेखाचं त्यांनी मनावर घेतलं आहे.

कार्यशाळेतल्या किरकोळ अडचणींनीही चांगली माणसं परत जातात, म्हणून त्यांचंही सांगते. एकाच वायफायवरून एका दिवसात सहाच नवी खाती उघडता येतात. सातव्या मुलाला लाल चौकट दिसते आणि त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून खाती घरूनच उघडून या असं आधी कळवावं, नाहीतर मुलांना आपापल्या मोबाइल डेटावर जायला सांगावं. टंकलेखनाचं दुखणं वेगळं. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन-तीन तऱ्हांनी उमटवता येतं, ‘ऱ्य’चंही तसंच. डोळ्यांना एकच दिसतं, संगणकाला वेगळं. मुलगी शोधते, लेख सापडत नाही, ती नवा लेख तयार करते, आणि तो आधीच आहे म्हणून तिचा उडतो. अशा वेळी पुनर्निर्देशन शिकवायची उत्तम संधी असते. कुसुमाग्रज शोधा किंवा वि. वा. शिरवाडकर, एकाच लेखावर पोचलं पाहिजे, तसंच या दोन ‘ॲ’चं. बाकी धूळपाटीवर (कच्च्या लिखाणाच्या पानावर) सराव, चर्चापानावर सही, बदलांचा आढावा लिहिणं, हे सगळं हाताला आपोआप लागतं. त्यावर मी फार वेळ घालवत नाही. ‘इतिहास’चा टॅब मात्र पहिल्या दहा मिनिटांत दाखवते. पानाची प्रत्येक आवृत्ती जपलेली असते, कुणीही काहीही कायमचं बिघडवू शकत नाही, हे डोळ्यांनी पाहिलं की माणसं लिहायला घाबरत नाहीत.

घाबरतात ती दुसऱ्या गोष्टीला. विकिपीडियावरचं सगळं बोलणं उघड्यावर चालतं. चर्चापान कुणीही वाचू शकतं. आपल्याकडे चारचौघांत चूक दाखवणं म्हणजे अपमान. मोठ्या माणसाची तर बाजूला घेऊनच दाखवायची असते. त्यामुळे साठीच्या गृहस्थांच्या पानावर विशीतल्या संपादकानं पाच मुद्द्यांची यादी टाकली की ते गृहस्थ उत्तर देत नाहीत, निघून जातात. त्यांनी मला फोन करावा यात गैर काही नाही, मी घेते. पण फोनवर ठरलेलं दुसऱ्या कुणाला दिसत नाही, म्हणून बोलणं झालं की मी त्यांनाच ते चर्चापानावर दोन ओळींत लिहायला सांगते. आणि मी स्वतः लिहिते तेव्हा त्यांच्या लेखातल्या एका नेमक्या गोष्टीचा उल्लेख आधी करते, मग एकच बदल सुचवते. तो झाला की दुसरा.

२०१३ साली अ‍ॅरन हाफाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी विकिपीडियाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथली सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घसरत गेली होती. त्यांनी दाखवलं की खोडसाळपणा रोखायला आणलेल्या स्वयंचलित साधनांनी आणि घट्ट होत गेलेल्या नियमांनी चांगल्या हेतूने आलेल्या नव्या लोकांचं लेखनही परतवलं जाऊ लागलं, आणि ती माणसं टिकली नाहीत. इंग्रजीचा संसार मोठा आहे, तिथे लाखोंनी लेख आहेत आणि गेलेल्याच्या जागी कुणीतरी येतं. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर प्रचालक (पान काढण्यासारखे जादा अधिकार असलेले संपादक) हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि नियमानं लिहिणारे फार थोडे आहेत. एखादा निवृत्त मुख्याध्यापक निघून गेला तर त्या तालुक्यावर पुढची दहा वर्षं कुणी लिहिणार नाही, अशी परिस्थिती आहे. म्हणून माझी प्रत्येक जुन्या संपादकाला विनंती असते की उघड खोडसाळपणा किंवा प्रताधिकारभंग नसेल तर ‘पानकाढा’चा, म्हणजे पान काढून टाकायच्या सूचनेचा, साचा लावायच्या आधी चर्चापानावर एक ओळ लिहा आणि दोन दिवस थांबा. साच्यातला तयार मजकूर नको, आपल्या हातानं लिहिलेली ओळ. तिच्यात त्या माणसाचं नाव आणि त्यानं लिहिलेल्या गावाचं नाव असू द्या.

अलीकडे एक विद्यार्थिनी माझ्याबरोबर हे काम करते. मार्चमधल्या महिला दिनाच्या संपादनेथॉनमध्ये (सगळ्यांनी मिळून लेख लिहायच्या उपक्रमात) ती आली आणि राहिली. तिचं-माझं एका बाबतीत जमत नाही. तिचं म्हणणं, नव्या माणसाचे ऱ्हस्व-दीर्घ आपण गुपचूप दुरुस्त करावेत. शुद्धलेखन दाखवलं की माणसं खचतात, विशेषतः ज्यांची बोली वेगळी आहे ती. मला वाटतं, निरोप लिहावा आणि दुरुस्ती त्याच्यावर सोडावी, कारण दुसऱ्यानं सुधारलेलं पान माणसाला आपलं वाटत नाही. तिनं मला गेल्या महिन्यातली तीन चर्चापानं काढून दाखवली, जिथे माझ्या निरोपानंतर पुढे एकही संपादन झालेलं नाही. मी तिला दोन पानं दाखवली, जिथे झालं आहे. आता आम्ही असं ठरवलं आहे की पुढच्या कार्यशाळेतल्या निम्म्या मुलांची पानं तिनं तिच्या पद्धतीनं सांभाळायची, निम्म्यांची मी, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर कोण लिहितं आहे ते बघायचं.